गालिच्याखालची जमीन

(डोळ्यांना सपाट दिसणारी जमीन खरोखर समतळ असते का? ती कशी तपासावी आणि उतरती असेल तर गालिचा अंथरण्यापूर्वी ती नीट कशी करावी, याची माहिती या पाठात दिली आहे.)

विद्यार्थी मित्रांनो, आज घरी गेल्यावर एक छोटासा प्रयोग करून पाहा. एका पसरट ताटात पेलाभर पाणी ओता आणि ते ताट खोलीच्या मधोमध जमिनीवर ठेवा. पाणी शांत होऊ द्या. मग ताटाच्या चारही बाजूंनी पाण्याची खोली पाहा. ती सगळीकडे सारखी असेल, तर तेवढी जमीन समतळ आहे. एका बाजूला पाणी जास्त आणि दुसऱ्या बाजूला कमी असेल, तर जमीन जास्त पाण्याच्या बाजूला उतरती आहे. ज्या खोलीत तुम्ही लहानपणापासून वावरत आहात, तिलाही उतार आहे, हे कदाचित तुम्हांला आजच कळेल. डोळा फसतो, पण पाणी फसवत नाही.

जमीन, गालिचा, फरशी हे शब्द तुम्हांला नवे नाहीत. तुमच्या उर्दूत आणि आमच्या मराठीत ते जवळजवळ सारखेच आहेत. भिंतीला जो 'गिलावा' करतात, तो शब्दही फारसीतूनच मराठीत आला आहे. उर्दूत ज्याला 'हमवार' म्हणतात, त्याला मराठीत 'समतळ' म्हणतात. या समतळपणाचीच गोष्ट आज आपण पाहणार आहोत. त्यासाठी आपल्याला डोंगरात जावे लागेल.

नंदुरबार जिल्ह्यात सातपुड्याच्या रांगांमध्ये धडगाव हे गाव आहे. ते अक्राणी तालुक्याचे मुख्य ठिकाण आहे. तळोद्याहून चांदसैलीचा वळणावळणाचा घाट चढून तिकडे जाता येते. तोरणमाळ हे थंड हवेचे ठिकाण याच तालुक्यात आहे. तालुक्याच्या उत्तरेला नर्मदा नदी वाहते. या भागात भिल्ल आणि पावरा समाजाचे लोक राहतात. त्यांचे पाडे डोंगरउतारांवर विखुरलेले आहेत. इथे सपाट जागा फार कमी. घर बांधायचे, तर आधी घरापुरती सपाट जागा तयार करावी लागते. बांबूच्या कुडाच्या घरातही मातीची जमीन ठोकून, चोपून, शेणाने सारवून घेतलेली असते. मैदानात राहणाऱ्या माणसाला सपाट जमीन सहज मिळते. डोंगरात राहणाऱ्याला ती घडवावी लागते.

आता अशी कल्पना करा. धडगावच्या बाजूला उतारावर एक शाळा आहे. शाळेपुढे एक उघडा व्हरांडा होता. त्याची जमीन सिमेंट-काँक्रीटची, म्हणजे कोब्याची होती. शाळेला वाचनखोली हवी होती. म्हणून व्हरांड्याला भिंत घालून, खिडक्या आणि दार बसवून त्याची खोली केली. ही खोली ६ मीटर लांब आणि ३ मीटर रुंद झाली. मुलांनी खाली बसून पुस्तके वाचावीत, म्हणून तिथे गालिचा अंथरायचे ठरले. पण खोलीत पेन्सिल खाली पडली, की ती घरंगळत बाहेरच्या भिंतीपाशी जाऊ लागली. पुस्तकांचे कपाट पुढे झुकू लागले. कपाटाच्या पायाखाली पुठ्ठ्याच्या घड्या घालाव्या लागल्या.

कोणी म्हणेल, "त्यात काय एवढे? गालिचा अंथरला की उतार झाकला जाईल." उतार झाकला जाईल हे खरे, पण तो नाहीसा होणार नाही. कपाट झुकलेलेच राहील. आत दाराच्या फटीतून आलेले किंवा सांडलेले पाणी उताराने एकाच बाजूला जाऊन गालिच्याखाली साठेल. गालिचा वर कोरडा दिसेल आणि खालून कुजेल. पावसाळ्यात खोलीला कुबट वास येऊ लागेल. गालिच्याच्या सुरकुतीत पाय अडकून एखादे लहान मूल पडेल. म्हणून गालिचा ही शेवटची पायरी आहे. त्याआधीच्या पायऱ्या चुकल्या, तर गालिचा त्या चुका फक्त लपवतो.

मग या व्हरांड्याला उतार ठेवणारा गवंडी चुकला होता का? मुळीच नाही. उघड्या व्हरांड्यावर पावसाचे पाणी येते. ते बाहेर वाहून जावे म्हणून त्याला मुद्दाम ढाळ देतात. न्हाणीघर, गच्ची, अंगण यांनाही असा ढाळ हवाच. तिथे जमीन अगदी समतळ केली, तर पाणी तुंबेल. काल ज्या जागेला ढाळ हवा होता, त्या जागेची आज खोली झाली. जागेचे काम बदलले, म्हणून ढाळ अडचणीचा झाला. हा मुद्दाम केलेला उतार होय.

उताराचा दुसराही एक प्रकार असतो. तो आपोआप होतो आणि तो धोक्याचा असतो. डोंगरउतारावर घराचे जोते बांधताना वरच्या बाजूची माती खणतात आणि तीच माती खालच्या बाजूला भरतात. त्यामुळे अर्धी खोली मूळच्या घट्ट जमिनीवर आणि अर्धी खोली भरावावर येते. भराव घालताना माती किंवा मुरूम थोडा थोडा, सुमारे १५ सेंटिमीटरच्या थरांनी घालावा लागतो. प्रत्येक थरावर पाणी शिंपडून तो धुरमुसाने ठोकावा लागतो. घाईने एकदम सगळी माती ओतली, तर ती पुढची काही वर्षे हळूहळू खाली बसत राहते. तिच्यावरचा कोबाही तिच्याबरोबर खचतो आणि त्याला भेगा पडतात.

म्हणून उतार दिसला की पहिला प्रश्न हा, की तो उतार जुना आणि स्थिर आहे, की अजून वाढतो आहे? हे ओळखण्याची एक सोपी युक्ती आहे. जमिनीला किंवा भिंतीला भेग असेल, तर भेगेवर आडवी, काचेची एक पातळ पट्टी दोन्ही टोकांना सिमेंटने चिकटवतात आणि तिच्याजवळ तारीख लिहून ठेवतात. काही महिन्यांनी काच तडकली, तर भेग वाढते आहे असे समजावे. अशा वेळी वरून कितीही भर घातली तरी उपयोग होत नाही. आधी पाया आणि भराव यांचा विचार करावा लागतो, आणि त्यासाठी अभियंत्याचा सल्ला घ्यावा लागतो. आपल्या वाचनखोलीत भेगा नाहीत. तिचा उतार मुद्दाम केलेला आणि स्थिर आहे. म्हणून आपण पुढे जाऊ.

आता उतार मोजू या. यासाठी गवंड्याजवळ दोन साधने असतात. एक पाणसळ. बांधकामावर तिला 'लेव्हल' किंवा 'स्पिरिट लेव्हल' म्हणतात. तिच्यात द्रव भरलेली एक छोटी, किंचित बाकदार काचेची नळी असते. त्या द्रवात एक बुडबुडा असतो. पाणसळ समतळ असली, की बुडबुडा बरोबर मध्यभागी येतो. हे साधन फ्रान्समधील मेल्किसेदेक तेवनो याने इ. स. १६६१ च्या सुमारास तयार केले. पाणसळ छोट्या अंतरासाठी फार सोयीची. पण ६ मीटर लांबीची खोली मोजायला तीच हातभर लांबीची पाणसळ पुन्हा पुन्हा पुढे सरकवली, तर प्रत्येक वेळची बारीक चूक वाढत जाते.

म्हणून मोठ्या खोलीसाठी दुसरे साधन वापरतात. ते म्हणजे साधी पारदर्शक नळी. गवंडी तिला 'लेव्हल पाइप' म्हणतात. सुमारे १० मीटर लांबीच्या या नळीत पाणी भरतात. विज्ञानाच्या पुस्तकात तुम्ही वाचले असेल, की एकमेकांना जोडलेल्या भांड्यांत पाणी एकाच पातळीला येते. भांड्यांचा आकार किंवा त्यांच्यातील अंतर काहीही असो, पातळी तीच राहते. नळीची दोन टोके म्हणजे अशी जोडलेली दोन भांडीच. मधली नळी जमिनीवर वेडीवाकडी पडलेली असली तरी चालते. दोन्ही टोकांमधले पाणी एकाच उंचीवर उभे राहते. रुपये दोन रुपये वजनाचेही यंत्र नाही, वीज नाही, तरीही या नळीने मोठमोठ्या इमारतींची पातळी काढता येते.

काम असे चालते. दोघेजण लागतात. एकजण नळीचे एक टोक खोलीच्या एका कोपऱ्यात भिंतीला धरतो. दुसरा दुसरे टोक घेऊन पुढच्या कोपऱ्यात जातो. जाताना दोघेही आपापले टोक अंगठ्याने बंद करतात. नाहीतर पाणी सांडते. जागेवर पोहोचल्यावर दोन्ही टोके उघडतात. पाणी थोडा वेळ वरखाली होते. ते पूर्ण थांबले, की दोघेही एकाच वेळी पाण्याच्या पातळीवर भिंतीवर पेन्सिलीने खूण करतात. नळीत पाणी कडेने किंचित वर चढलेले दिसते. खूण नेहमी पाण्याच्या मधल्या, खालच्या भागावर करावी. असे चारही भिंतींवर करून, रंग लावलेले सूत ताणून खुणा जोडल्या, की खोलीभर एक समतळ रेघ तयार होते. ही रेघ जमिनीपासून सुमारे मीटरभर उंचीवर घेतात, म्हणजे ती पाहायला आणि तिच्यापासून मोजायला सोपे जाते.

इथे एक काळजी घ्यावी लागते. नळीत हवेचा बुडबुडा अडकला असेल, तर दोन्ही टोकांची पातळी चुकते. म्हणून पाणी भरल्यावर नळी आधी नीट तपासावी. दोन्ही टोके शेजारी शेजारी धरावीत. पाणी दोन्हींत सारखे आले, तरच नळी बरोबर आहे. ज्या साधनाने आपण दुसऱ्याची चूक शोधणार, ते साधन आधी तपासून घ्यावे.

आता त्या रेघेपासून खाली जमिनीपर्यंतचे अंतर मोजायचे. आतल्या भिंतीपाशी ते १००० मिलिमीटर भरले. खोलीच्या मध्यावर, भिंतीपासून भिंतीपर्यंत सूत ताणून मोजले, तेव्हा १०१८ मिलिमीटर आले. बाहेरच्या भिंतीपाशी १०३६ मिलिमीटर आले. सांगा पाहू, जमीन कुठे उंच आहे? पुष्कळ मुले म्हणतात, "बाहेरच्या भिंतीपाशी, कारण तिथे आकडा मोठा आहे." पण हे उत्तर चूक आहे. आपण वरून खाली मोजत आहोत. आकडा मोठा म्हणजे जमीन रेघेपासून जास्त लांब, म्हणजेच जास्त खाली. विहिरीचे पाणी जितके खोल, तितका दोर जास्त लांब लागतो, तसेच हे आहे. आपली जमीन ३ मीटर रुंदीत ३६ मिलिमीटर उतरली आहे.

पातळी ओळखण्याची ही विद्या फार जुनी आहे. इ. स. १०१७ च्या सुमारास अल-करजी या गणितज्ञाने जमिनीखालचे पाणी बाहेर काढण्याविषयी अरबी भाषेत एक ग्रंथ लिहिला. त्यात त्याने जमिनीची पातळी मोजण्याच्या साधनांचे वर्णन केले आहे. पाणी लांब न्यायचे असेल, तर उतार फार नको आणि फार कमीही नको. सतराव्या शतकात मलिक अंबरने आजच्या छत्रपती संभाजीनगरात, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादेत, जमिनीखालून नहर बांधून शहराला पाणी दिले. ती 'नहर-ए-अंबरी' म्हणून प्रसिद्ध आहे. तिच्यातले पाणी कोणत्याही यंत्राशिवाय, केवळ उतारावर वाहत असे.

आणि धडगावपासून नर्मदेच्या पलीकडे, मध्य प्रदेशातील भिताडा गावच्या भिलाला शेतकऱ्यांनी 'पाट' काढण्याची पद्धत जपली. वेगाने वाहणाऱ्या ओढ्यावर ते दगड रचून, सागाची पाने आणि चिखल लावून बांध घालत. मग डोंगराच्या कडेकडेने अगदी मंद उताराचा पाट काढून पाणी शेतात नेत. ओढा झपाट्याने खाली जातो आणि पाट हळूहळू उतरतो. त्यामुळे लांबून पाहणाऱ्याला वाटते, की पाटातले पाणी डोंगर चढत आहे! हे शेतकरी पाण्यालाच विचारून पाट खणत. आपल्या हातातल्या नळीतही तीच विद्या आहे.

आता आपण खोलीत परत येऊ. भर घालण्याआधी आणखी एक परीक्षा करावी लागते. ती ओलाव्याची. डोंगरउतारावरच्या घरात वरच्या बाजूने जमिनीत मुरलेले पाणी जोत्यात झिरपते. म्हणून प्लॅस्टिकचा सुमारे ४५ सेंटिमीटर लांबी-रुंदीचा तुकडा जमिनीवर ठेवून त्याच्या चारही कडा चिकटपट्टीने बंद करतात. दुसऱ्या दिवशी तो उचलून पाहतात. प्लॅस्टिकच्या खालच्या बाजूला पाण्याचे थेंब दिसले किंवा तिथली जमीन काळपट ओली झाली असेल, तर खालून ओलावा येत आहे. मग आधी घराच्या वरच्या बाजूला चर खणून पावसाचे पाणी बाजूने काढून द्यावे लागते. झिरपणे थांबल्याशिवाय त्या खोलीत गालिचा घालू नये.

आपली जमीन कोरडी निघाली. आता भर किती लागेल, याचा हिशोब करू. सिमेंट आणि वाळूचा थर फार पातळ घातला, तर तो पापडासारखा सुटतो आणि तुटतो. म्हणून सर्वांत उंच जागेवरही तो निदान २५ मिलिमीटर ठेवू. मग बाहेरच्या भिंतीपाशी थराची जाडी २५ आणि ३६ मिळून ६१ मिलिमीटर होईल. सरासरी जाडी ४३ मिलिमीटर, म्हणजे ०.०४३ मीटर. खोलीचे क्षेत्रफळ ६ गुणिले ३, म्हणजे १८ चौरस मीटर. १८ ला ०.०४३ ने गुणले, की सुमारे ०.७७ घनमीटर भर येते. कोरडी वाळू आणि सिमेंट पाण्यात कालवल्यावर आकाराने कमी होतात. म्हणून कोरडे साहित्य सुमारे १ घनमीटर घ्यावे. त्यात १ भाग सिमेंट आणि ४ भाग वाळू धरली, तर ५० किलोग्रॅमची सुमारे ६ पोती सिमेंट आणि ०.८ घनमीटर वाळू लागेल. म्हणजे क्षेत्रफळ आणि घनफळ ही गणिते केवळ परीक्षेसाठी नसतात. हिशोब चुकला, तर काम अर्ध्यावर असताना सिमेंट संपते आणि डोंगरात दुकान जवळ नसते.

या भरीचे वजन सुमारे दीड टन होते. आपली खोली जमिनीवर आहे, म्हणून चिंता नाही. पण हेच काम वरच्या मजल्यावर करायचे असेल, तर तेवढे वजन स्लॅब पेलेल का, हे अभियंत्याला विचारल्याशिवाय भर घालू नये. शहरात हल्ली सिमेंटची तयार भुकटी मिळते. ती पाण्यात कालवून ओतली, की आपोआप पसरून सपाट होते. ती महाग असते. खोलगटपणा थोडा असेल, तेव्हा ती उपयोगी पडते. उतार जास्त असेल, तर आधी साधी भर घालावी लागते.

आता गवंडीकाका कामाला लागतात. जुना कोबा गुळगुळीत असतो. त्यावर नवा थर धरत नाही. म्हणून ते छिन्नी-हातोडीने त्यावर जवळजवळ टोचे मारतात. मग सगळी धूळ झाडून, धुऊन काढतात. जुना कोबा पाण्याने भिजवतात, पण त्यावर पाणी साचू देत नाहीत. आधी रेघेखाली ९७५ मिलिमीटरवर येतील असे सिमेंट-वाळूचे छोटे गोळे ठिकठिकाणी बसवतात आणि थोडे घट्ट होऊ देतात. १००० मधून २५ वजा केले, की हा ९७५ आकडा येतो. या गोळ्यांचे माथे म्हणजे नव्या जमिनीची पातळी. आतल्या भिंतीपाशी गोळा ठेंगणा आणि बाहेरच्या भिंतीपाशी उंच, पण माथे सगळ्यांचे एकाच रेषेत असतात. मग जुन्या कोब्यावर सिमेंटचे दाट पाणी कुंच्याने फासतात, म्हणजे नवा थर त्याला घट्ट चिकटतो. ते वाळण्याआधीच गोळ्यांच्या मधली जागा मसाल्याने भरतात. बाहेरच्या बाजूला थर जाड आहे, म्हणून तिथे मसाल्यात बारीक खडीही मिसळतात. नंतर सरळ लांब पट्टी गोळ्यांच्या माथ्यांवरून ओढतात. जास्तीचा मसाला निघून येतो आणि खळगे दिसतात. ते भरून पुन्हा पट्टी फिरवतात. शेवटी लाकडी रंध्याने पृष्ठभाग घोटतात.

मसाला कालवताना मुले नेहमी विचारतात, "काका, आणखी पाणी घाला ना! लवकर पसरेल." काका म्हणतात, "पसरेल लवकर, पण तडकेलही लवकर." जादा पाणी नंतर उडून जाते, थर आकसतो आणि त्याला भेगा पडतात. मसाला मुठीत दाबला तर गोळा व्हावा, इतकाच ओला असावा. आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. ओले सिमेंट कातडीला भाजते. त्याला उघड्या हातांनी आणि पायांनी स्पर्श करू नये. ते डोळ्यांत गेले, तर लगेच भरपूर पाण्याने डोळे धुवावेत आणि डॉक्टरांकडे जावे.

यानंतरची गोष्ट थोडी विचित्र वाटेल. नव्या जमिनीला आधी वाळू द्यायचे नाही आणि नंतर वाळवायचे. असे का? पुष्कळांना वाटते, की चिखल वाळून घट्ट होतो, तसेच सिमेंटही वाळून घट्ट होते. पण तसे नाही. सिमेंट आणि पाणी यांच्यात रासायनिक क्रिया होते आणि त्यामुळे ते दगडासारखे होते. पाणीच उडून गेले, तर ही क्रिया अपुरी राहते आणि पृष्ठभाग भुसभुशीत होतो. म्हणून निदान ७ दिवस जमिनीवर ओली पोती पसरून, त्यांवर पाणी मारत राहतात.

त्यानंतर पोती काढून, दारे-खिडक्या उघडून जमीन वाळू देतात. आणि इथेच माणसाच्या धीराची परीक्षा असते. चांगल्या हवेत असा थर दर दिवशी साधारण १ मिलिमीटर या हिशोबाने वाळतो. ५० मिलिमीटरच्या पुढे तर त्याहून सावकाश. आपला थर एका बाजूला ६१ मिलिमीटर आहे. म्हणजे दोन महिन्यांहून जास्त काळ थांबावे लागेल. वरून जमीन चार दिवसांतच कोरडी दिसते, पण पोटात ओलावा असतो. सातपुड्यातल्या पावसाळ्यात तर ती वाळतच नाही. म्हणून हे काम दिवाळीनंतर सुरू करावे आणि होळीच्या सुमारास गालिचा अंथरावा. त्याआधी प्लॅस्टिकच्या तुकड्याची परीक्षा पुन्हा करावी. पाहुणे येणार म्हणून किंवा समारंभ आहे म्हणून घाईने गालिचा घातला, तर आतला ओलावा गालिच्यात शिरतो आणि सगळी मेहनत वाया जाते.

शेवटची तपासणी सोपी आहे. ३ मीटर लांबीची सरळ पट्टी जमिनीवर निरनिराळ्या दिशांनी ठेवून पाहायची. पट्टीखाली ३ मिलिमीटरपेक्षा मोठी फट कुठेही दिसू नये. तुम्ही गोटीनेही परीक्षा करू शकता. गोटी ठेवा. ती जागच्या जागी राहिली, की समजा काम जमले.

दाराकडेही एकदा पाहायला हवे. दार बाहेरच्या भिंतीत आहे. तिथे जमीन ६१ मिलिमीटरने वर आली. दार आत उघडत असेल, तर ते खालून तासावे लागेल, आणि गालिच्याच्या जाडीचाही विचार करावा लागेल. दाराबाहेर आता एक छोटी पायरी झाली आहे. अंधारात तिला ठेच लागू शकते. चाकाच्या खुर्चीवरून येणाऱ्या मुलाला तर ती ओलांडताच येणार नाही. म्हणून गवंडीकाका दाराबाहेर सिमेंटचा एक लांबट, सौम्य उतार करून देतात. म्हणजे जो उतार आपण खोलीतून काढला, तोच दाराबाहेर उपयोगी पडला. उतार वाईट नसतो आणि समतळपणा नेहमीच चांगला नसतो. कुठे काय हवे, हे ओळखणे महत्त्वाचे.

आता जाड अस्तर घाला आणि त्यावर गालिचा अंथरा. कपाट सरळ उभे राहील. पेन्सिल पडली, तरी हाताशीच सापडेल. मुले भिंतीला टेकून पुस्तक उघडतील आणि पायांखालच्या जमिनीचा विचारही करणार नाहीत. टोचे, गोळे, पाण्याची रेघ, दोन महिन्यांची वाट, यांतले काहीच त्यांना दिसणार नाही. पण त्या खोलीत पाय टेकताना कोणीही अडखळणार नाही. गवंड्याच्या कामाची तीच पावती आहे.

शब्दार्थ

समतळ – सगळीकडे सारख्या पातळीची, हमवार
ढाळ – पाणी वाहून जाण्यासाठी दिलेला उतार, ढलान
कोबा – सिमेंट-काँक्रीटची जमीन
जोते – घराचा जमिनीपासून उंच केलेला, भिंतींखालचा भाग
भराव – खोलगट जागेत घातलेली माती किंवा मुरूम
धुरमुस – माती ठोकून घट्ट करण्याचे जड साधन
पाणसळ – पातळी पाहण्याचे साधन
ओलावा – ओलेपणा, नमी
भेग – चीर, दरार
रंधा – पृष्ठभाग सपाट करण्याचे गवंड्याचे लाकडी साधन

स्वाध्याय

१. एकेका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) धडगाव कोणत्या तालुक्याचे मुख्य ठिकाण आहे?
(आ) उघड्या व्हरांड्याला ढाळ का देतात?
(इ) लेव्हल पाइपमध्ये बुडबुडा अडकला तर काय होते?

२. कारणे लिहा.
(अ) जुन्या कोब्यावर टोचे मारतात.
(आ) नव्या जमिनीवर ७ दिवस पाणी मारतात.
(इ) पावसाळ्यात गालिचा अंथरण्याची घाई करू नये.

३. समतळ रेघेपासून जमिनीपर्यंतचे अंतर एका भिंतीपाशी ९८० मिलिमीटर आणि समोरच्या भिंतीपाशी १००४ मिलिमीटर आहे. कोणत्या भिंतीपाशी जमीन खाली आहे? किती मिलिमीटरने?

४. तुमच्या घरी किंवा शाळेत मुद्दाम ढाळ दिलेल्या तीन जागा शोधा. प्रत्येक ठिकाणी ढाळ कोणत्या दिशेला आहे आणि का, ते पाच-सहा वाक्यांत लिहा.

५. जमीन, फरशी, गालिचा यांसारखे मराठी आणि उर्दू या दोन्ही भाषांत वापरले जाणारे आणखी पाच शब्द लिहा.